शी-शू काढणारी बाई शिक्षिका असते का? : पाळणाघरातल्या ताईंना तुमचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की तीन वर्षांच्या आतल्या पोरांबरोबर काम करणाऱ्या कुणाला काही विचारायचं असेल तर लिहा, तर पत्रं आणि मेसेज इतके आले की सगळ्यांना उत्तर देणं या जागेत होणार नाही. बालवाडीच्या बायकांना विचारायला दहा जणी असतात, पण पाळण्यातल्या नि रांगत्या पोरांना सांभाळणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही आणि तिलाही कुणाला विचारता येत नाही, हे मला माहितीये कारण माझी स्वतःची सतरा वर्षं त्याच खोलीत गेली. नावं छापत नाही, काहींनी तशी विनंती केलीय, बाकीच्यांची मीच काढलीत.

ताई, माझं मानसशास्त्र घेऊन बीए झालंय. चार महिने झाले एका पाळणाघरात लागले, आयकार्डावर ‘इन्फंट टॉडलर टीचर’ लिहिलंय पण दिवसभर डायपर, भरवणं, झोपवणं, परत डायपर. परवा हळदीकुंकवाला काकू सगळ्यांसमोर म्हणाली, बीए करून लोकांच्या पोरांचं धुतेस होय गं? घरी येऊन रडले. मी नक्की टीचर आहे का आया? – चिंचवडहून

अगं, काकूंचं नंतर बघू. आधी डायपरचंच बोलू, कारण तुझा प्रश्न तिथेच अडकलाय.

तुझ्या खोलीत सहा-सात बाळं असतील. आठ महिन्यांच्या एका बाळाचा डायपर तुझ्या ड्युटीत चार-पाच वेळा बदलला जातो, दर वेळी चार-पाच मिनिटं. म्हणजे रोजची वीस मिनिटं ते बाळ एकटं तुझ्यासमोर असतं, बाकी सगळा वेळ तू सात जणांत वाटलेली असतेस. आता ही वीस मिनिटं दोन प्रकारे जाऊ शकतात. एक म्हणजे मागून येऊन बाळाला उचललं, आडवं केलं, तंगड्या वर, पुसलं, बांधलं, आणि तोंड शेजारणीकडे, “काल कुकर फुटला की गं माझा”. दुसरा प्रकार असा की तू त्याच्या समोर गेलीस, खाली बसलीस, दोन्ही हात पुढे केलेस आणि म्हणालीस “ओलं झालंय, चल बदलूया”, आणि मग थांबलीस. थांबणं महत्त्वाचं! दोन सेकंद, चार सेकंद. पहिले आठ दिवस काही होत नाही, तुला वाटेल ताईंनी काय फालतू सांगितलं, मग एक दिवस ते पोर स्वतः हात वर करतं. अजून थोड्या दिवसांनी “आता ढुंगण वर” म्हटलं की टेबलावर स्वतःच ढुंगण उचलतं, आणि असं हसतं ना, की जग जिंकलंय. त्याला कळलं की माझ्याशी कुणी बोललं तर त्याचा काहीतरी अर्थ असतो, आणि मी काही केलं तर समोरचा माणूस त्याप्रमाणे वागतो. भाषा इथून सुरू होते, ए फॉर ॲपलपासून नाही.

हे काही मी शोधलेलं नाही. हंगेरीत एमी पिकलर नावाच्या बालरोगतज्ज्ञ होत्या, त्यांनी १९४६ मध्ये बुडापेस्टला अनाथ बाळांसाठी घर काढलं, आणि तिथल्या बायकांना त्यांनी मुख्य शिकवलं ते हेच की अंघोळ घालणं, कपडे बदलणं, भरवणं हे पटकन उरकायचं काम नव्हे, बाळाबरोबरचं नातं त्यातच तयार होतं. एवढं लांब जायचं नसेल तर आपल्या पालघर जिल्ह्यातच ये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, त्यातून अंगणवाडी आली हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढे कोसबाडला त्यांनी विकासवाडी काढली, त्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी होती, कारण मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड असायचं, ते सांभाळायला कुणी नसेल तर तिची शाळा बुडणार. म्हणजे पाळणाघर त्यांना शाळेचाच भाग वाटलं होतं, आणि ते कधी, तर आपल्या काकू परकर-पोलक्यात असतील तेव्हा. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. पुढच्या हळदीकुंकवाला हे सांगून बघ, काकूंवर परिणाम होईल असं नाही, पण तुला बरं वाटेल.

आता दोन गोष्टी ज्या तुला आवडणार नाहीत. ‘टीचर का आया’ हा प्रश्न मला खटकला. तुझ्या खोलीत पंधरा वर्षं काम केलेल्या मावशी असतील तर बाळ रडतंय ते भुकेने, झोपेने का कान दुखतोय म्हणून, हे त्या दारातून सांगतील, तुला अजून एक वर्ष लागेल. त्यांच्याकडून शिकून घे. आणि दुसरं, पगार. पगाराबद्दल काकूचं बरोबर आहे, या कामाचा पगार लाज वाटेल इतका कमी असतो, मुलं जितकी लहान तितका बाईचा पगार कमी, हे गणित मला आजपर्यंत कुणी समजावून सांगितलेलं नाही. कागद हातात असला तर बोलायला थोडा जोर येतो, इग्नू या मुक्त विद्यापीठाचा बालसंगोपन आणि शिक्षणाचा डिप्लोमा बारावीवर नोकरी करत करता येतो, तो बघ. केंद्र सरकारनेही २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षं या वयासाठी ‘नवचेतना’ नावाचा वेगळा आराखडा काढलाय, म्हणजे तीन वर्षांच्या आतलं पोरही शिकत असतं हे आता सरकारी कागदावर आहे. पगारवाढ मागायला जाशील तेव्हा सोबत ने.

आमच्याकडे वीस महिन्यांचा मुलगा आहे, एका आठवड्यात तीन वेळा चावला, तिन्ही वेळा त्याच मुलीला. मुलीच्या आईने दंडाचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि चावणाऱ्याचं नाव सांगा म्हणून मागे लागल्यात. मुलाची आजी म्हणते एकदा त्याला उलटं चावा म्हणजे कळेल. मी मध्ये अडकलेय. – ठाणे

उलटं चावायचं नाही, आजींना माझा नमस्कार सांगा आणि नाही म्हणा. त्याला त्यातून एवढंच कळेल की मोठी माणसंपण चावतात.

एक ते अडीच या वयात चावणं इतकं कॉमन आहे की ज्या पाळणाघरात कुणीच कधी चावलं नाही म्हणतात तिथे एकतर नोंद ठेवत नाहीत किंवा खोटं बोलतात. शब्द आठ-दहा, राग पोतंभर, दात शिवशिवतायत, आणि समोर दुसऱ्याच्या हातात लाल गाडी. तुम्ही त्या जागी असतात तर काय केलं असतंत?

झाल्यावर आधी ज्याला लागलंय त्याच्याकडे जायचं. आपण सगळ्या आधी चावणाऱ्याकडे ओरडत धावतो आणि सगळा तमाशा त्यालाच बघायला मिळतो. साबण-पाण्याने धुवायचं, थंड ओलं फडकं ठेवायचं, कातडी फाटून रक्त आलं असेल तर आईला लगेच फोन आणि डॉक्टर. चावणाऱ्याला त्याच्या उंचीला येऊन, साध्या आवाजात, “चावायचं नाही. तिला दुखतं.” बास. ‘सॉरी म्हण, सॉरी म्हण’ करत दहा मिनिटं उभं करू नका, वीस महिन्यांच्या मुलाला सॉरी म्हणजे काय ते कळत नाही, त्याला फक्त कळतं की बाई आज माझ्याकडे खूप वेळ बघतेय.

आणि वही घाला. कधी, कुठे, कुणाशेजारी, त्याआधी काय चाललं होतं. माझ्याकडे असाच एक होता, आम्ही त्याला मनातल्या मनात वाघोबा म्हणायचो (मोठ्याने कधीच नाही, पोराला चिकटलेलं नाव पोर सोडत नाही). सहा दिवस लिहिलं तर सगळे चावे सव्वाअकरा ते पावणेबारा. त्या वेळात आम्ही काय करायचो, तर जेवणाआधी हात धुवायला दहा पोरांची रांग लावायचो. दीड वर्षाच्या पोरांची रांग! समोर वरणभाताचा वास, पोटात कावळे, पाठीला पाठ चिकटलेली, आणि तोंडासमोर पुढच्याचा गुबगुबीत दंड. मूर्खपणा आमचा होता. रांग बंद केली, दोघं-दोघं नेऊ लागलो, बाकीचे तोवर चटईवर बसून ताईबरोबर टाळ्या, आणि पुढच्या पंधरा दिवसांत एकच चावा झाला, तोही गाडीवरून. मग तसलीच दुसरी गाडी आणली. लहान मुलांच्या खोलीत पाच वेगवेगळी खेळणी असण्यापेक्षा एकाच खेळण्याचे तीन नग असणं बरं, हे मी तेव्हा शिकले. तुमच्याकडे तिन्ही वेळा एकच मुलगी आहे म्हणजे बहुतेक ती दोघं झोपायला किंवा जेवायला शेजारी असतील, तिथून बघायला सुरुवात करा.

नाव सांगायचं नाही. त्या आईने दहादा विचारलं तरी नाही. “ताई, तुमच्या जागी मी असते तर मलाही राग आला असता, आम्ही काय बदल केला ते मी तुम्हाला रोज सांगेन, पण जसं दुसऱ्या कुणी विचारलं तर मी तुमच्या मुलीबद्दल सांगणार नाही तसंच याही मुलाबद्दल नाही सांगणार.” हे ग्रुपवर लिहू नका, फोन करा. ग्रुपवरचा फोटो काढायला लावा, आणि या निमित्ताने नियमच करून टाका की कुठल्याही मुलाचा फोटो ग्रुपवर जाणार नाही, वाढदिवसाचा केकसुद्धा नाही.

मला तिसरा महिना आहे, मी दीड-दोन वर्षांच्या मुलांच्या वर्गावर आहे. सासूबाई म्हणतात पोरांकडून काहीतरी लागेल, सोड नोकरी. खरंच धोका असतो का? – कोल्हापूर

थोडा असतो, नोकरी सोडण्याइतका बहुतेक नाही, पण हे माझ्यापेक्षा तुझ्या डॉक्टरांनी सांगायचं. त्यांना सांग की मी लहान मुलांची लाळ आणि शू हाताळते, आणि सीएमव्ही, रुबेला (म्हणजे जर्मन गोवर), कांजिण्या हे तीन शब्द वापर. सीएमव्ही हा विषाणू लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून येतो, आपल्याकडे बहुतेक बायकांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो त्यामुळे धोका कमी होतो, शून्य होत नाही. रुबेला आणि कांजिण्यांच्या लशी गरोदरपणात देत नाहीत, म्हणून आधी काय झालंय, काय टोचलंय ते शोधून ठेव. रोजच्यात एवढं पाळ : डायपर आणि नाक पुसल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवायचे, नुसतं सॅनिटायझर नको, पोरांचा चमचा स्वतःच्या तोंडात घालून ‘गरम आहे का’ बघायचं नाही, आणि राहिलेला घास ‘अन्न टाकू नये’ म्हणून आपण खायचा नाही. ही शेवटची सवय आपल्या बायकांची जाता जात नाही. उचलणंही कमी कर, डायपरच्या टेबलाला दोन पायऱ्यांचं स्टूल लावून घे, दीड वर्षाची पोरं हौसेने चढतात.

आणि सोडू नको म्हणते त्याचं अजून एक कारण. २०१७ मध्ये मातृत्व रजेचा कायदा बदलला, पहिल्या दोन मुलांसाठी बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. दुसऱ्यांच्या बाळांसाठी त्या कायद्याने पाळणाघरं उघडली, तुझ्या बाळासाठी रजाही त्याच कायद्याने वाढवली. तुमच्या संस्थेत दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील आणि बाळंतपणाच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत तुझे ऐंशी दिवस भरले असतील तर पगारी रजा तुझा हक्क आहे. आत्ता राजीनामा दिलास तर गेला. सासूबाईंना हे सांगितलंस की त्यांचा सूर बदलेल बघ.

अकरा महिन्यांची मुलगी मला ‘आई’ म्हणाली, नेमकी तिची आई न्यायला आली तेव्हाच. आई काही बोलली नाही पण गाडीत बसून रडताना मी खिडकीतून पाहिलं. तेव्हापासून मी त्या मुलीला जरा लांबच ठेवते. बरोबर करतेय ना? – नाशिक

नाही, चुकतंय. तुझं मन मोठं आहे पण शिक्षा त्या पोरीला होतेय, तिने काय केलं बिचारीने? अकरा महिन्यांच्या पोरीचा ‘आई’ म्हणजे कधी आई, कधी दूध, कधी ‘मला घे’. नाव नाहीये ते अजून. दिवसातले नऊ तास जी हातात घेते तिच्यावर जीव जडला नाही तर काळजी करायची, जडला तर नाही. तू एकाएकी लांब झालीस की तिच्यासाठी सकाळी आई जाते आणि दिवसा तूपण जातेस. तिला परत जवळ घे, उद्यापासून.

फक्त ‘आई’ला उत्तर देऊ नको. “आई ऑफिसला गेलीय, मी ताई” असं दर वेळी, हसत. पाळण्याच्या बाजूला, तिच्या डोळ्यांच्या उंचीला आईबाबांचा फोटो लाव, लॅमिनेट करून, कारण ती तो चाटणार आहे. आणि आईशी बोल. काय बोलू म्हणशील, तर मोठं काही नको. “आज चार वाजता दाराकडे बघून ओरडत होती, तुमच्या गाडीचा आवाज ओळखते वाटतं.” खरं असेल तरच हं, खोटं सांगायचं नाही.

यावरूनच एक, कारण तिघीचौघींनी विचारलंय की पहिलं पाऊल आपल्याकडे टाकलं तर घरी सांगायचं का. यावर माझं आणि माझ्या मैत्रिणीचं कित्येक वर्षं भांडण आहे. ती म्हणते आईवडलांपासून काही लपवायचं नाही. मी सांगत नाही. मी म्हणते, “आज फार सुटं उभं राहतोय, घरी मोबाइल तयार ठेवा.” मग रात्री साडेनऊला व्हिडिओ येतो, ताई बघा चालला! आणि मी लिहिते, अगं बाई, खरंच की! पालकाने सरळच विचारलं, तुमच्याकडे चालला का, तर मात्र खरं सांगते. पडला, लागलं, ताप, शी पातळ, यातलं काहीही कधीही लपवायचं नाही, पावलाचं तेवढं मी माझ्याकडे ठेवते.

आम्ही सॅन होजेला आलो, ग्रीन कार्ड आलंय, मी पुण्यात बालवाडीत आठ वर्षं होते. इथे बाळांच्या वर्गावर काम मिळेल का? आपला अनुभव धरतात का? – कॅलिफोर्निया

मिळेल, माणसं हवीच असतात. पण आठ वर्षांपेक्षा युनिट्स, म्हणजे कॉलेजात पुऱ्या केलेल्या विषयांचे क्रेडिट, आधी मोजतात. तिथल्या खासगी लायसन्सवाल्या सेंटरला टीचर म्हणून बालशिक्षणाचे बारा सेमिस्टर युनिट्स लागतात, आणि बाळांच्या खोलीसाठी त्यातले तीन बाळांच्या विषयातले. सहा झाले की काम सुरू करून बाकीचे करत राहता येतं. पुण्याची डिग्री असेल तर आधी तिचं इव्हॅल्युएशन, म्हणजे ती तिथल्या कशाच्या बरोबरीची आहे याची तपासणी, करून घ्या, काही विषय मोजले गेले तर पैसे वाचतील. शिवाय बोटांचे ठसे, टीबीची तपासणी, आणि २०१६ पासून गोवर, डांग्या खोकला यांच्या लशीची कागदपत्रं, फ्लूचंही विचारतात. लहानपणीच्या लशींची वही पुण्यातल्या कपाटात असेल तर आजच फोटो मागवा.

कामात सगळ्यात जड जाईल ते झोपवणं. आपण दुपट्यात घट्ट गुंडाळतो, बाजूला उशा लावतो, थोपटत पालथं घालतो. तिथे बारा महिन्यांपर्यंत पाठीवरच झोपवायचं, पाळण्यात पांघरूण नाही, उशी नाही, गुंडाळणं नाही, आणि दर पंधरा मिनिटांनी जवळ जाऊन बघून नोंद करायची. पहिल्या आठवड्यात हात शिवशिवतील तुमचे. पण नियम बरोबर आहे, श्वास अडकण्याचा धोका खराच आहे, आणि मला विचाराल तर पाठीवर झोपवणं आणि पाळण्यातून उशा-दुलया काढणं आपल्याकडेही पाळावं. चार बाळांमागे एक बाई हाही तिथला नियम. आपल्याकडे एका बाईला चौदा पोरं दिलेली मी पाहिलीत, तिथे मालकाला मी एकच विचारायचे, आग लागली तर मी कुठली दोन उचलू ते आत्ताच सांगून ठेवा.

मराठी घरातलं बाळ वर्गात आलं तर त्याच्याशी मराठीत बोला, गोंधळत नाही ते.

एका बाळाची आजी रोज डब्यात मधाची छोटी बाटली देते, दुधाआधी बोट चाटवा म्हणून. बाळ सात महिन्यांचं आहे. नाही कसं म्हणू? – सातारा

स्पष्ट म्हणा. एक वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, थेंबभरही नाही, उकळून नाही, गावच्या पोळ्याचा असला तरी नाही. मधात बोट्युलिझम या आजाराचे जंतू असू शकतात, मोठ्यांच्या पोटात ते काही करत नाहीत पण बाळाच्या आतड्यात वाढतात आणि अंग लुळं पडू शकतं. आजी म्हणतील आम्ही सगळ्यांना चाटवला, कुणाला काही झालं नाही. त्यांच्याशी वाद घालू नका, बाळाच्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ‘मध नको’ लिहून आणायला सांगा आणि ती चिठ्ठी डब्यांच्या फळीवर चिकटवा. बाटली रोज न उघडता परत पाठवा, झाकणावर बाळाचं नाव लिहून, म्हणजे चुकून दुसऱ्या ताईने दिला असं व्हायला नको.